झाडाला टांगलेली कुकी सकाळी जमिनीवर का सापडते?

नाताळच्या आठवड्यात हा प्रश्न हमखास येतो, आणि दर वर्षी जवळजवळ त्याच शब्दांत. कुकीज छान भाजल्या गेल्या, आयसिंग खडखडीत वाळलं, भोकातून रिबीन ओवून झाडाला लावल्या, रात्री झोपेपर्यंत सगळं ठीक होतं. सकाळी निम्म्या कुकीज फरशीवर आणि रिकाम्या रिबिनी फांद्यांवर. उरलेल्यांना हात लावला तर त्या मऊ, चिवट. मग कोणी कृती बदलतं, कोणी भोक लहान करतं, कोणी बेकिंग पावडर वाढवतं (ते तर मुळीच करू नका, पुढे येईलच). पुढच्या डिसेंबरात पुन्हा तेच.

ही तक्रार कुठून येते ते पाहिलं तर अर्धं उत्तर तिथेच मिळतं. वसई, मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोवा. नागपूर-अमरावतीहून जवळजवळ नाहीच. पुण्याहून येते ती बहुधा पावसाळी हवा पडली तरच. कृती सगळ्यांची सारखीच असते, फरक असतो तो घरातल्या हवेत.

या कुकीजचा जन्म थंड प्रदेशातला. जर्मन भाषा बोलणाऱ्या मुलखात झाडाला खाऊ टांगायची चाल फार जुनी. १६०५ सालच्या एका नोंदीत स्ट्रासबर्गमधल्या घरांतल्या झाडांचं वर्णन आहे : रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं, पातळ वेफर, बेगड आणि साखरेचा खाऊ. उत्तर क्रोएशियात मधाच्या पिठाची लालभडक हृदयं करतात, वर पांढरी नक्षी काढतात आणि नाताळच्या झाडालाही लावतात. त्या कारागिरीची २०१० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली. स्वीडनमध्ये तर १३ जानेवारीला मुलं झाड रीतसर लुटतात, म्हणजे वरचा खाऊ काढून फस्त करतात आणि झाड घराबाहेर काढतात. जानेवारीच्या मध्यापर्यंत टांगलेलं बिस्किट खाण्याजोगं राहतं याचं श्रेय तिथल्या हिवाळ्याला. बाहेरची गोठलेली हवा घरात येऊन तापली की तिची सापेक्ष आर्द्रता पार खाली जाते. माणसाचे ओठ फुटतात आणि बिस्किट कुरकुरीत राहतं. त्यामुळे टोरांटोत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी घरांत ही कृती जशीच्या तशी चालते, आणि तीच कृती नालासोपाऱ्यात रात्रीत मान टाकते.

तसे खायचे दागिने आपल्याला नवीन नाहीत. संक्रांतीला हलव्याचे दागिने आपण नव्या सुनेला आणि बोरन्हाणाच्या बाळाला घालतो, आणि ते नीट झाकून ठेवले तर बरेच दिवस टिकतात. कारण तिथे जवळजवळ सगळी साखरच असते. आत एखादा तीळ किंवा खसखशीचा दाणा. कुकीत मात्र मैदा आहे, आणि सगळं बिनसतं ते त्या मैद्यापाशी.

नेमकं काय होतं

बिस्किट कुरकुरीत लागतं, कारण भाजताना त्यातलं बहुतेक पाणी उडालेलं असतं. भोवतालच्या हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ४०–५० टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी परत ओढून घेऊ लागतं आणि मऊ पडतं. किनाऱ्यावर डिसेंबरातही रात्री आणि पहाटे हवा याहून बरीच दमट असते. शुद्ध साखरेचा स्फटिक मात्र २५ अंश तापमानाला जवळजवळ ८५ टक्के आर्द्रतेपर्यंत तग धरतो, त्याआधी तो पाघळत नाही. म्हणून वरचं आयसिंग टणक आणि खालची कुकी मऊ, असा प्रकार होतो. आपण बोटाने वाजवून पाहतो ते आयसिंग, आणि कुकीचा सगळा भार पेलत असते भोकाच्या वरची मैद्याची एवढीशी पट्टी.

त्यातून पुढची बाजू आयसिंगने झाकलेली आणि पाठ उघडी. ओल शिरते ती पाठीकडून.

पडलेली कुकी टाकून देऊ नका, आधी भोकाकडे बघा. भोकापासून कडेपर्यंत लांबट चीर गेली असेल, कडा मऊ असतील, चुरा नसेल, तर तो ओलाव्याचा उद्योग. तुकडा खटकन तुटला असेल आणि कडा कोरड्या, भुसभुशीत असतील, तर भोक कडेला फार जवळ गेलंय किंवा कुकी पातळ लाटली गेलीय. भोक शाबूत असेल तर गाठ सुटलीय, विषय संपला. आणि कुकी मधोमध दुभंगली असेल तर ती भट्टीतून काढल्याकाढल्या पंख्याखाली ठेवली होती का, हे आठवून बघा. भाजलेल्या बिस्किटाची कड आधी कोरडी होते, मधला भाग नंतर. घाईने गार केलं तर हा फरक तसाच अडकून राहतो आणि काही तासांनी बिस्किट आपोआप तडकतं. जाळीवर किंवा बंद केलेल्या भट्टीतच आपल्या गतीने गार होऊ द्यायचं.

पहिलं कारण बाकी सगळ्यांना पुरून उरणारं आहे, म्हणून त्याच्यावरच जास्त लिहिते.

पीठ आणि भाजणं

टांगायची कुकी आणि चहाबरोबर खायची कुकी यांचं पीठ वेगळं हवं. टांगायच्या कुकीला माझं माप असं : मैदा ३५० ग्रॅम, बटर १७५ ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, एक अंडं, व्हॅनिला. खारं बटर असेल तर वेगळं मीठ नको. बेकिंग पावडर अजिबात नको. तिने कुकी फुगते, आतून जाळीदार होते, आकाराच्या कडा बोथट होतात आणि भोक मिटतं. जाळीदार पोत म्हणजे ओल शिरायला मोकळी वाट. अंडं चालत नसेल तर दोन-तीन मोठे चमचे गार दूध, आणि तेही पीठ गोळा होण्यापुरतंच. दही घालू नका, आंबटपणा चालून जाईल पण पाणी वाढतं.

घरचं लोणी वापरण्याचा मोह होतो. त्यात पाण्याचं प्रमाण दर वेळी वेगळं असतं, म्हणून या कामाला मी ते घेत नाही. नानकटाई करा त्याची, सुरेख होईल.

साखर दळूनच घाला. आपल्याकडच्या साखरेचा दाणा मोठा असतो. तो बटरात पुरता फेटला जात नाही, भट्टीत वितळतो आणि कुकीला पसरवतो. बटर आणि साखर एकजीव होईपर्यंतच फेटायचं. केकसारखं हलकं-पांढरं होईपर्यंत फेटलं की आत हवा भरते आणि कुकी पुन्हा फुगते.

पीठ दोन बटर पेपरांमध्ये लाटा, जाडी ५ ते ६ मिलिमीटर. परथनाला मैदा भुरभुरायचा नाही. तो वरती राहतो आणि नंतर आयसिंगचा पापुद्रा सुटून येतो. आकार कापून झाले की ट्रेसकट १५ मिनिटं फ्रीझरमध्ये. बटर ३२ ते ३५ अंशांना वितळतं, आणि आपल्या स्वयंपाकघरात डिसेंबरच्या दुपारीही ते तितकंसं दूर नसतं. आकार गारठलेला असला की आधी मैदा सेट होतो, बटर नंतर सुटतं, आणि तारा ताराच राहतो.

आकार ६ सेंटिमीटरपर्यंतच ठेवा. बाजारातले कटर बहुतेक मोठे असतात आणि मोठी कुकी दिसतेही छान. पण व्यास ६ वरून ९ सेंटिमीटरवर नेला, म्हणजे दीडपट केला, तर त्याच जाडीच्या कुकीचं वजन सव्वादोनपट होतं. भोकावरची पट्टी मात्र होती तेवढीच राहते.

आता भाजणं. नेहमीच्या कृतीत १८० अंश आणि १० मिनिटं असतं. खाण्यासाठी ते उत्तम, आत थोडा मऊपणा राहतो. आपल्याला तोच नकोय. १६० अंशांवर १८ ते २० मिनिटं भाजा, मध्ये एकदा ट्रे फिरवा, कारण बहुतेक ओटीजी (घरगुती विजेच्या छोट्या भट्ट्या) एका कोपऱ्यात जास्त तापतात. कुकी उलटून पाहिली की तळ सारख्या सोनेरी रंगाचा दिसायला हवा. मग ओटीजी ११० अंशांवर आणून त्याच कुकीज आणखी २० मिनिटं आत ठेवा, बंद करा आणि दार किलकिलं ठेवून आतच गार होऊ द्या. दार पूर्ण बंद ठेवलं तर निघालेली वाफ परत तिथेच जिरते. या दुसऱ्या फेरीने रंग फारसा बदलत नाही, पण आतला राहिलेला ओलावा निघून जातो. एवढी एक पायरी केली तरी फरक पडतो. वेळ नसेल तर बाकीचं सोडा, ही सोडू नका.

भोक

कापतानाच स्ट्रॉने पाडायचं, कडेपासून किमान १ सेंटिमीटर आत. १६० अंशांची फेरी झाली की ट्रे बाहेर काढून पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांत तीच स्ट्रॉ पुन्हा फिरवून घ्यायची आणि मग दुसऱ्या फेरीला आत ठेवायचं, कारण भाजताना भोक आक्रसतंच. गार झाल्यावर टोचायला गेलात तर कुकी फुटते. विसरलाच असाल तर बिनआयसिंगची कुकी १५० अंशांवर पाचेक मिनिटं परत गरम करा आणि टोकदार काडी हलक्या हाताने फिरवत भोक मोठं करत न्या.

आयसिंग करताना भोकाभोवती दोन्ही बाजूंना एकेक जाडसर कडं काढा. नक्षीचा भाग वाटतो, पण खरा भार तेच पेलतं. ओवायला दोरा नको, तो मऊ कुकीत सुरीसारखं काम करतो. चपटी, अरुंद साटीन रिबीन घ्या.

पाठ झाकणं

हा उपाय कमी लोक करतात आणि किनाऱ्यावर सगळ्यात जास्त उपयोगाचा हाच आहे. कुकीच्या पाठीला वितळवलेल्या चॉकलेटचा पातळ थर ब्रशने द्या, भोकाच्या आतल्या कडेलाही. स्निग्ध पदार्थातून ओल सहज जात नाही. आयसिंगचा थर दिला तरी थोडा उशीर लागतो एवढंच, त्यातून वाफ झिरपतच असते. खरं चॉकलेट ३४ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे उन्हात येणाऱ्या खिडकीजवळ झाड असेल तर कंपाउंड (कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी घातलेलं चॉकलेट) वापरा, ते जरा जास्त तग धरतं. झाडावर जुन्या पद्धतीचे तापणारे बल्ब असतील तर त्यांच्यापासून लांब लावा. एलईडीच्या माळेचा हा त्रास नाही.

क्रम लक्षात ठेवा : आधी पुढचं आयसिंग पूर्ण वाळवायचं, मग पाठीला चॉकलेट. चॉकलेटवर रॉयल आयसिंग (साखर आणि अंड्याच्या पांढऱ्याचं, वाळून टणक होणारं आयसिंग) धरत नाही, म्हणून पाठीवरचं भोकाभोवतीचं कडंही आधीच काढून वाळवायचं आणि चॉकलेट त्याच्या कडेने लावायचं.

हे सगळं करायचं नसेल तर सेलोफेन आहेच. प्रत्येक कुकी पारदर्शक पिशवीत घालून तोंड रिबिनीने घट्ट बांधा आणि त्याच रिबिनीने टांगा. भोक पाडायचीही गरज नाही, धूळ बसत नाही, शेजारच्या पोराने तोडून खिशात घातली तरी चालते. शोभा थोडी कमी होते, हे मान्य.

कधी टांगायच्या

शक्य तितक्या उशिरा. जर्मनीत परंपरेने झाड सजवतात ते २४ डिसेंबरलाच, आणि आपल्या हवेला तर ते फारच सोयीचं आहे. २० तारखेपर्यंत कुकीज तयार करा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, कुकीजच्या थरांमध्ये बटर पेपर, आणि डब्यात खाद्यपदार्थांसाठीच्या सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या. २४ ला संध्याकाळी झाडावर. मध्यरात्रीच्या मिस्साहून घरी आल्यावर ज्या खायच्या त्या खा, उरलेल्या २५ ला येणाऱ्या पाहुण्यांना. कुलकुल, नेवऱ्यांचे डबे आपण गरजेपुरते उघडतो आणि लगेच बंद करतो, मग कुकीजनाच आठवडाभर उघड्यावर का ठेवायचं? फांद्या रिकाम्या दिसत असतील तर आधीचे दिवस मीठ-मैद्याच्या न खायच्या आकारांनी भागवा. उघड्यावर दोन-तीन दिवस धूळ खाल्लेली कुकी मी तरी मुलांच्या हातात देत नाही, मग ती कितीही कुरकुरीत असो.

आयसिंगच्या तक्रारी

रॉयल आयसिंगचं साधारण माप : ४५० ग्रॅम आयसिंग शुगर, ३ मोठे चमचे मेरिंग पावडर (मुख्यतः वाळवलेल्या अंड्याच्या पांढऱ्याची भुकटी), ५–६ मोठे चमचे कोमट पाणी. कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्याचं आयसिंग जुन्या पद्धतीत असतं, पण त्यात साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूचा धोका राहतो. लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं खाणार असतील तर वाळवलेल्या पांढऱ्याची पावडर बरी. पूर्ण शाकाहारी हवं असेल तर छोले शिजवलेलं पाणी आटवून दाट करा. एका पांढऱ्याच्या जागी दोन मोठे चमचे. फेस उत्तम येतो, चण्याचा वास वाळल्यावर जातो. वाळायला मात्र जास्त वेळ घेतं, तेवढं धरून चाला.

सगळ्यात जास्त विचारलं जातं ते *आयसिंग वाळतच नाही*. इथे आधी डब्यावरचे घटक वाचा आणि कृतीही तपासा. अनेक कृतींमध्ये लिक्विड ग्लुकोज, मध किंवा ग्लिसरीन सांगितलेलं असतं, आयसिंग चावायला मऊ राहावं म्हणून. हे तिन्ही पदार्थ हवेतलं पाणी धरून ठेवतात. मधातलं फ्रुक्टोज तर साधारण ६२ टक्के आर्द्रतेलाच पाघळायला लागतं, म्हणजे साखरेच्या कितीतरी आधी. कोरड्या घरात जे वरदान तेच वसईत चिकटपणाचं मूळ. टांगायच्या कुकीत यातलं काहीही नको. पिठीसाखर घरी दळली असेल तर दर कपामागे एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर मिसळून दोनदा चाळा. बाजारच्या आयसिंग शुगरमध्ये बहुधा तो आधीच असतो.

वाळवायला कुकीज टेबलफॅनसमोर एका थरात ठेवा. एसी असेल तर खोली बंद करून ड्राय मोड लावा. तो हवेतलं पाणीच काढून घेतो, याहून चांगलं वाळवण घरात होत नाही. पटकन वरचा पापुद्रा धरला की चकाकीही येते. रात्रभर दमट हवेत हळूहळू वाळलेलं आयसिंग मळकट, निस्तेज दिसतं. ओटीजीत वाळवायला जाऊ नका. बहुतेक ओटीजींचं सगळ्यात कमी तापमानही बटर वितळवायला पुरेसं असतं, आणि मग आयसिंगवर पिवळे तेलकट डाग उमटतात. फ्रिजमध्ये तर नाहीच. बाहेर काढल्याबरोबर गार कुकीवर हवेतलं पाणी दव होऊन बसतं आणि रंग एकमेकांत उतरतात.

ते पिवळे डाग इतर वेळीही येतात : कुकी पुरती गार व्हायच्या आत आयसिंग घातलं, किंवा आयसिंग फार पातळ होतं. भाजलेल्या कुकीज रात्रभर साध्या कागदावर ठेवा, सुटलेलं तूप कागद पितो. मग सजवा.

*लहान भागात खड्डे पडतात.* टोपीचा गोंडा, ताऱ्याचं टोक अशा चिमुकल्या जागेत भरलेलं आयसिंग वाळताना मधोमध खचतं. तिथे आयसिंग जरा दाट घ्या, भरण्याआधी तळाला त्याच रंगाची नागमोडी रेघ मारा म्हणजे वरच्याला आधार मिळतो, आणि लगेच पंख्यासमोर न्या. आयसिंग जास्त फेटलेलं असलं तरी हेच होतं. मंद वेगावर पाच-सात मिनिटं पुरे. वेगात फेटलं की हवा भरते, वाळल्यावर ते ठिसूळ होतं आणि सुईच्या टोकाएवढे बुडबुडे दिसतात. फेटून झाल्यावर ओला रुमाल झाकून अर्धा तास ठेवा, बुडबुडे वर येतात, मग चमच्याने हलकेच ढवळा.

भरायच्या आयसिंगचा दाटपणा बघायची रीत सोपी आहे. भांड्यात सुरीने रेघ ओढा आणि मनात आकडे मोजा. पंधराच्या आसपास रेघ मिटली तर बरोबर. आठ-दहातच मिटली तर कडेवरून ओघळणार, तिशीपर्यंत मिटली नाही तर पृष्ठभाग सपाट होणार नाही. कडेच्या रेघेला याहून दाट हवं.

आयसिंगचा कोन वळायचा तर मेंदीचा कोन ज्याला जमतो त्याला हे शिकवायची गरज नाही. प्लास्टिकच्या कागदाचा वळलेला कोन नोझलशिवायही सुबक रेघ देतो. आयसिंग मात्र गाळून भरा, घरच्या पिठीसाखरेतला एक कण सगळं अडवतो. विदर्भातल्या मंडळींचा त्रास उलटा असतो : कोरड्या हवेत कोनाचं टोक दोन मिनिटांत सुकून बसतं. टोक ओल्या फडक्यावर टेकवून ठेवत जा.

रंग

लाल आणि पांढरा शेजारी, आणि सकाळी सगळं गुलाबी. कारणं तीन : रंग जास्त पडला, रंग पाणचट होता, किंवा पहिला थर पुरता वाळला नव्हता. पातळ द्रवरंग सोडून जेल घ्या. लाल आणि गडद हिरवा आदल्या दिवशी कालवून झाकून ठेवा, ठेवल्यावर रंग आपोआप गडद होतो, त्यामुळे कमी घालून भागतं. आधी गडद भाग भरा, रात्रभर वाळू द्या, पांढरं दुसऱ्या दिवशी.

भारतात खाद्यपदार्थांत आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे : पोन्सो ४आर, कार्मोइसिन, एरिथ्रोसिन, टार्ट्राझिन, सनसेट यलो, इंडिगो कार्माइन, ब्रिलियंट ब्लू आणि फास्ट ग्रीन. बाटलीवर यांपैकी नाव नसेल, नुसतं 'रेड कलर' लिहिलं असेल, तर ती दुकानातच ठेवा.

सोनेरी-चंदेरी भुकटीबद्दल जरा कडक बोलते. 'नॉन-टॉक्सिक' म्हणजे खाण्यायोग्य नव्हे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये अशी दोन प्रकरणं नोंदवली. २०१८ साली ऱ्होड आयलंडमध्ये वाढदिवसाचा केक खाऊन मुलांना उलट्या झाल्या, वरच्या चमकदार थरात तांब्याची भुकटी निघाली. २०१९ मध्ये मिसुरीत केकवरच्या अशाच भुकटीतून शिसं गेल्याचं आढळलं. डबीवर घटकांची यादी आणि खाद्य परवाना क्रमांक नसेल तर ती भुकटी कुकीवर नको. तिच्याऐवजी चांदीचा वर्ख वापरा. वाळलेल्या आयसिंगवर ओलसर ब्रशने नक्षीपुरती जागा ओली करायची, वर्ख टेकवायचा, कोरड्या ब्रशने उरलेला झटकायचा. कुठल्याही चंदेरी रंगापेक्षा सरस दिसतो. वर्ख बनवताना प्राण्यांपासूनचं कातडं वापरलं जाऊ शकतं, तेव्हा शाकाहारी घरांनी तो कसा बनवलाय हे आधी विचारून घ्यावं.

काचेच्या खिडकीच्या कुकीज

मध्ये कापलेल्या जागेत लिमलेटच्या गोळ्यांचा चुरा भरून भाजायचा, तो वितळून रंगीत काच होते आणि मागून दिवा लागला की झळकते. सुंदर प्रकार, पण किनाऱ्यावरच्या हवेत सगळ्यांत नाजूक. गोळीतली साखर स्फटिक झालेली नसते आणि तिच्यात ग्लुकोज असतो, त्यामुळे काही तासांतच चिकट होऊन ती ओघळते. आयसिंगचे नियम इथे लागू पडत नाहीत. भाजून गार होताच सेलोफेनमध्ये बंद करा, किंवा पाहुणे यायच्या तासभर आधी लावा. तिसरा मार्ग माझ्या पाहण्यात नाही.

मुंग्या

परदेशी कृतींत यांचा उल्लेख नसतो. झाडाची कुंडी पाण्याच्या परातीत ठेवायची जुनी युक्ती चालते, पण मुंग्या बहुधा बुंध्यावरून येतच नाहीत, त्या दिव्यांच्या माळेच्या वायरवरून येतात. भिंतीपासून झाडापर्यंतच्या वायरवर वीतभर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा, प्लग काढून ठेवून. परातीजवळ एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवू नका. मुंग्यांचा खडू किंवा फवारा झाडाच्या आसपासही नको, तेच पुढे पोटात जायचं. झाड भिंतीला आणि पडद्याला टेकत नाही ना, एवढं बघितलं तरी निम्मं काम होतं.

मऊ पडलेल्यांचं काय करायचं

बिनआयसिंगच्या असतील तर १२० अंशांवर दहा मिनिटं, पुन्हा कुरकुरीत होतात. आयसिंग केलेल्या भट्टीत घालू नका. सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट डब्यात एक-दोन दिवस ठेवा, पूर्ववत नाही झाल्या तरी दाताला बऱ्या लागतात. झाडावर मात्र परत चढवू नका, भोकाची कड एकदा ताणली गेली की धरत नाही. पडून तुटलेल्यांवर धूळ नसेल तर जाडसर चुरा करा, वितळवलेल्या चॉकलेटमध्ये बटरचा तुकडा आणि काजूचे तुकडे घालून तो कालवा, बटर पेपरमध्ये नळीसारखा गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. २६ तारखेला चकत्या कापायच्या.